नाव न घेता

२ जुलै २००५, शनिवार

आज डॉक्टर देवयानींनी मला आत बोलावलं. गेले काही महिने मी त्यांच्या संस्थेत शनिवारी जातो. खुर्च्या मांडतो, आलेल्यांना पाणी देतो, एवढंच. एच.आय.व्ही. झालेली माणसं तिथे येतात, बसतात, एकमेकांशी बोलतात.

म्हणाल्या, "विश्रामजी, गोळ्या आता सरकार देतंय. माणसं मरायची थांबतील. पण मग ती जगणार कशावर? यांना नोकऱ्या शोधून देणारा माणूस मला हवाय. तुम्ही बोला ना कारखानेवाल्यांशी."

मी म्हणालो, "मी प्रयोगशाळेत भिंगं घासणारा माणूस. मला कुठे बोलता येतं?"

"दर वर्षी मंडळाच्या गणपतीपुढे तुम्ही गाऱ्हाणं घालता, तेव्हा सगळा हॉल गप्प होतो. म्हणे बोलता येत नाही!"

ते खरं आहे. पण ते बोलणं माझं नव्हे. आमच्या कोकणात देवापुढे गावाचं सुखदुःख मोठ्याने मांडायची रीत आहे. एकाने मांडायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. माझे वडील मांडत, म्हणून मी मांडतो. चंदीगडला आल्यापासून इथल्या मराठी मंडळाने ते काम माझ्याकडेच दिलं आहे.

डॉक्टरांनी एकच अट घातली. कुणाला काय झालंय ते फुटता कामा नये. ज्याचं काम, त्याची परवानगी असेल तरच मालकाला सांगायचं, तेही एकट्याला. मी कबूल केलं. घरी बायकोला, रत्नप्रभेलाही सांगणार नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "तेच सगळ्यात अवघड असतं."

आज पूजेला बसलो तेव्हा मन भरून आलं होतं. पन्नाशी आली. देवाने काहीतरी हातात दिलं.

१० जुलै, रविवार

आठवडाभर प्रयोगशाळा सुटल्यावर इंडस्ट्रियल एरियात हिंडलो. कुणी हाकलून देत नाही, हे इथलं विशेष. बसवतात, लस्सी पाजतात. एका सरदारजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाले, "भाई साहब, चंदा ले लो, बंदा मत दो."

दुसऱ्या एका ठिकाणी मी उठल्यावर नोकराने खुर्ची पुसली. मला काही झालेलं नाही, मी फक्त विषय काढला होता.

१६ जुलै, शनिवार

आज सुनंदाबाईंची गाठ पडली. सांगली जिल्ह्यातल्या, विट्याकडच्या. नवरा सोनं गाळणारा होता. त्या भागातली माणसं देशभर सराफ बाजारांतून हे काम करतात, तसा हाही सेक्टर तेवीसमध्ये भट्टी लावून होता. दोन वर्षांमागे गेला. तो गेल्यावर तपासणी झाली, तेव्हा हिला कळलं की आपल्यालाही आहे. मुलगी आठवीत आहे. तिला नाही, देवाची कृपा.

सासरचे म्हणतात, गावी ये. ही म्हणते, "गावी गेले की गोठ्याशेजारी खाट टाकतील दादा, न् पोरीची शाळा बंद. इथं बुडैलात खोली हाय, औषध हाय. काम तेवढं मिळालं पायजे. काम गेलं की खोली गेली, खोली गेली की गाव."

बोलताना माझ्याकडे पाहत नव्हती, पदराचा काठ पाहत होती. वय तेहेतीस-चौतीस असेल.

माझ्या मनात रघुवीर आला. जुना मित्र, स्वतःचा कारखाना आहे त्याचा.

१७ जुलै, रविवार

रघुवीर आणि मी एकाच वर्षी प्रयोगशाळेत लागलो होतो. एकाच खोलीत राहायचो. नव्वदनंतर सगळं खुलं झालं तशी त्याने नोकरी सोडली आणि इंडस्ट्रियल एरियाच्या फेज टूमध्ये इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचा कारखाना टाकला. मी नाही सोडली. त्यावरून तो अजून चिडवतो.

आज त्याच्याकडे गेलो तर म्हणाला, "या महाराज! आज देव घरी नाही वाटतं?"

मी सगळं सांगितलं. सुनंदाची परवानगी घेतलीच होती. तो बराच वेळ पेपरवेट फिरवत बसला.

"यार विश्राम, सोल्डरिंगला पंधरावीस बायका आहेत माझ्याकडे. कुणाला चटका बसतो, कुणाला तार लागते."

"डॉक्टर म्हणतात त्याने काही होत नाही."

"मला माहितीय रे. मला म्हणून काय उपयोग?" मग म्हणाला, "पाठव. पण हे तू, मी आणि तुझी डॉक्टर. सुहासिनीलाही मी सांगणार नाही. माझ्या बायकोच्या पोटात काही राहत नाही."

मी त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असेल. तो म्हणाला, "अरे, सोड, लोक काय म्हणतील!"

१ ऑगस्ट, सोमवार

सुनंदा आज कामाला लागली.

२० ऑगस्ट, शनिवार

रघुवीरचा फोन. "तुझी बाई पक्की आहे. हात अजिबात हलत नाही. आणि डब्यात काय ती शेंगदाण्याची चटणी आणते, सगळ्या पंजाबी बायका तिच्याभोवती."

हे ऐकून मी सरळ मंदिरात गेलो. डॉक्टर देवयानींना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं "छान" म्हटलं. त्या पुढच्या माणसाचं नाव काढून बसल्या होत्या. मला वाटलं होतं, दोन शब्द जास्त बोलतील. असो. आपण कौतुकासाठी करत नाही.

३ सप्टेंबर, शनिवार

सुनंदाला गोळ्या सुरू केल्यात. मळमळतं, चक्कर येते. दोनदा सुट्टी झाली. घाबरली आहे. पर्यवेक्षक गुरुनाथने तिला विचारलं, सारखं काय होतं तुला? गुरुनाथ आपल्याच मंडळातला, नांदेडचा. माणूस वाईट नाही, चौकस आहे.

निघताना सुनंदा म्हणाली, "दादा, तुमी देवाधर्माचं माणूस. माझ्यासाठी देवाला सांगा."

मी म्हटलं, "सांगतो."

हे तिने आपणहून मागितलं. मला ते फार भिडलं.

७ सप्टेंबर, बुधवार. गणेश चतुर्थी

आजचा दिवस नीट लिहून ठेवायचा आहे.

हॉल भरला होता. इथल्या दोन्ही मोठ्या हॉस्पिटलांतले डॉक्टर, युनिव्हर्सिटीतले, बँकांतले, बदलीवर आलेले, सगळे. रघुवीर, सुहासिनी, गुरुनाथचं कुटुंब. डॉक्टर देवयानी तेवढ्या पुण्याला गेल्यात. आरती झाली आणि मला पुढे बोलावलं. नेहमीचं सगळं मांडलं: परमुलखातली लेकरं, त्यांची शिक्षणं, बदल्या, अडली लग्नं. मग डोळे मिटले आणि सुनंदाचं मांडलं. जसं तोंडातून आलं तसं इथे लिहितो, कारण ते मनासारखं झालं.

"बा देवा गणपती म्हाराजा! सांगलीकडची तुझी एक लेक. तिचो घोव सोना गाळता गाळता ह्या मुलखात गेलो. जाताना तिच्या रक्तात वायट ठेवन गेलो. ता वायट तू आपल्या हातान काढून टाक. आमच्या रघुवीराच्या कारखान्यात तिका भाकरी गावली हा. ती भाकरी कोणी काढून घेव नये असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी आवाज जरा कमी आला. पंखे जोरात चालू होते म्हणून असेल. डोळे उघडले तर डॉक्टर मंडळी एकमेकांकडे बघत होती. त्यांनाही भरून आलं असावं. रघुवीर मान खाली घालून उभा होता. तो सहसा देवापुढे असा उभा राहत नाही.

तिचं नाव घेतलं नाही. रोगाचंही नाव घेतलं नाही. दिलेला शब्द पाळला आणि देवापर्यंतही पोचवलं.

घरी येताना चिन्मयी म्हणाली, "बाबा, वो किसकी बात कर रहे थे आप?"

मी म्हटलं, "नाव घेतलं का मी?"

"नाम तो नहीं लिया, पर..."

"मग झालं तर."

रत्नप्रभा काही बोलली नाही. मोदक करून दमली होती.

८ सप्टेंबर, गुरुवार

फार हलकं वाटतंय.

२४ सप्टेंबर, शनिवार

सुनंदा आज संस्थेत आली आणि कोपऱ्यात बसून राहिली. विचारलं तेव्हा म्हणाली, बायका आता डब्याला बोलवत नाहीत. कूलरजवळ प्रत्येकीचा आपापला ग्लास आलाय. एकीने विचारलं, तेरा आदमी किस बीमारी से गया?

"माझं कळलंय त्यांना, दादा."

"कसं कळेल? शक्यच नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच सरळ पाहिलं असेल. मग म्हणाली, "व्हय. कसं कळंल."

२६ सप्टेंबर, सोमवार

कारखान्यात गेलो. सुनंदाची जागा बदललेली. सगळ्या बायका मोठ्या हॉलमध्ये आणि ही तपासणीच्या खोलीत, रघुवीरच्या केबिनला लागून, एकटी. काचेतून दिसत होती.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "रघुवीर, हे काय? वाळीत टाकलंस तिला?"

"अरे, तिकडे तिला जगू देत नव्हत्या. इथे माझ्या डोळ्यांसमोर तरी आहे."

"पण कळलं कसं? तू, मी आणि डॉक्टर. डॉक्टर बोलणार नाहीत. मी रत्नप्रभेलाही बोललेलो नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग विचित्र हसला. "तू खरंच विचारतोयस?"

"मग काय चेष्टा करतोय?"

"जा. तुझ्या देवाला विचार."

या माणसाबरोबर मी एका ताटात जेवलो आहे. त्याला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसलो आहे. गुपित फोडलं ते फोडलं, वर देवाची टिंगल.

२८ सप्टेंबर, बुधवार

जेवण जात नाही. सारखा विचार येतो, त्याने कुणाला सांगितलं असेल? सुहासिनीलाच. स्वतःच म्हणाला होता, तिच्या पोटात काही राहत नाही. सांगणारच होता म्हणून तर आधी तसं म्हणाला. चोर आधीच सावध होतो.

रत्नप्रभा म्हणते, काय झालं ते सांगा. मी म्हटलं, सांगण्यासारखं नाही. शब्द दिला आहे. ती म्हणाली, "बरां." आणि आत गेली.

१ ऑक्टोबर, शनिवार

रघुवीरने कारखान्यात डॉक्टर देवयानींना बोलावून बायकांपुढे भाषण ठेवलं. एच.आय.व्ही. कशाने होतो, कशाने होत नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच गेलो आणि मागे उभा राहिलो. डॉक्टरांनी कुणाचं नाव घेतलं नाही, पण सगळ्या बायका सुनंदाकडेच बघत होत्या. आग लावायची आणि मग पाण्याची बादली घेऊन सगळ्यांसमोर धावायचं, असं हे चाललं आहे.

नंतर सगळ्यांसमोर रघुवीरने सुनंदाच्या डब्यातली भाकरी मोडून खाल्ली. नाटकी माणूस.

निघताना डॉक्टर देवयानींनी मला बाजूला घेतलं. "विश्रामजी, आठवून सांगा. तुम्ही कुठे काही बोललात का?"

"घरच्यांनासुद्धा नाही."

"नक्की?"

एवढे महिने उन्हातान्हात हिंडलो, त्याचं हे फळ. मालक असलेल्या माणसावर यांचा विश्वास, माझ्यावर नाही. त्याने डॉक्टरांना बोलावलं, त्याने खाऊन दाखवलं, तो मोठा.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं. परवा बायका कामावर आल्याच नाहीत. काल अर्ध्याच आल्या. गुरुनाथ म्हणे त्यांच्या बाजूने बोलला. रघुवीरने सुनंदाला सांगितलं, दिवाळीपर्यंत घरी बस, पगार घरपोच येईल.

सुनंदाला गाठलं. खोलीच्या दारात उभी राहूनच बोलली, आत ये म्हणाली नाही.

मी म्हटलं, "मी बघतो त्याच्याकडे. त्याने तुमचा घात केला. आपण सोडायचं नाही."

"दादा, काय बी करू नका."

"तुम्ही घाबरू नका."

"मी घाबरत न्हाई. तुमी काय बी करू नका, एवढंच."

किती सोसते ही बाई! तिच्यासाठी तरी कुणीतरी बोललं पाहिजे.

११ ऑक्टोबर, मंगळवार

भिंग घासताना आज बोट कापलं. प्रयोगशाळेत इतक्या वर्षांत माझ्याकडून असं कधी झालं नव्हतं. काचेवर ओरखडा गेला, काम पुन्हा पहिल्यापासून.

वडील म्हणायचे, मित्र फसवतो तेव्हा तो आपले सगळे जुने दिवसही घेऊन जातो. आमच्या त्या एका खोलीतले दिवस आता आठवले की वाटतं, तेव्हाही हा असाच असेल. मला दिसलं नसेल.

१२ ऑक्टोबर, बुधवार. दसरा

संध्याकाळी मंडळात सोनं वाटायचं होतं. इथे आपटा मिळत नाही, कचनारची पानं घेतो, ती तशीच जोडपानं असतात. सगळे एकमेकांना पानं देत होते, मुलं मोठ्यांच्या पाया पडत होती. रघुवीर माझ्याकडे आला. पान पुढे केलं. म्हणाला, "घे बाबा. झालं गेलं. सोन्यासारखा राहा."

माझे हात मागे राहिले.

मी म्हटलं, "विश्वासघातक्याचं सोनं मी घेत नाही."

आजूबाजूचे थांबले. सुहासिनी म्हणाली, "अहो भाऊजी, आजच्या दिवशी काय हे!"

मला थांबता आलं नाही. मोठ्याने बोलायची सवय आहे, हॉलही ओळखीचा. म्हटलं, "विचारा तुमच्या नवऱ्याला. सुनंदाला एच.आय.व्ही. आहे हे त्याला मी विश्वासाने सांगितलं. आणि त्याने ते कारखानाभर केलं. एका विधवेची भाकरी काढून घेतली."

एक लहान मूल "एच.आय.व्ही. म्हणजे काय?" असं विचारत होतं, त्याला कुणीतरी बाहेर नेलं. गुरुनाथची बायको तोंडाला पदर लावून उभी.

रघुवीरने ते पान आपल्याच खिशात ठेवलं. फार हळू म्हणाला, "झालं? नाव तेवढं राहिलं होतं. आज तेही सांगितलंस."

आणि दोघं निघून गेली.

मला वाटलं होतं, चार माणसं तरी माझ्या बाजूने उभी राहतील. आम्ही तिघं घरी आलो. चिन्मयी रडत होती. का, ते सांगेना.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

आज प्रयोगशाळेत गेलो नाही.

सकाळी देवासमोर बसलो होतो. रत्नप्रभा आली आणि शेजारी पाटावर बसली. ती पूजेत कधी बोलत नाही. म्हणाली, "माका सांगा, त्या बाईचा रघुवीरभावजींनी फोडला असा तुमका कोणी सांगला?"

"कुणी सांगायला कशाला हवं? तिघांनाच माहीत होतं."

"माका पण म्हायत होता."

"तुला? तुला कुणी सांगितलं?"

"तुमी."

मी म्हटलं, मी तुला एका शब्दाने बोललेलो नाही.

"चवथीच्या दिवशी बोललात. माका, चिनूक, गुरुनाथाक, डॉक्टरांक, सगळ्यांक. सांगलीची, सोना गाळणाऱ्याची बायल, रक्तात वायट, रघुवीराच्या कारखान्यात. आता आणि काय रवला सांगूचा? त्या कारखान्यात तशी दुसरी कोण हा?"

"मी देवाला सांगत होतो."

"मगे देव काय बहिरो हा?"

मी म्हटलं, नाव घेतलं नव्हतं. तिने समईत तेल घातलं आणि ती उठली. दारातून म्हणाली, "मी तेवाच सांगूक व्हया होता. पण तुमी इतके खुशीत होतात. माजा तोंड उघडला नाय."

आता दुपार आहे. मी चतुर्थीचं पान उघडून वाचलं. पंखे, डॉक्टरांचे डोळे, रघुवीरची मान. सगळं मीच लिहून ठेवलं आहे. तरी मनात एक जण अजून वाद घालतो आहे: तिनेच तर म्हटलं होतं, देवाला सांगा. पण विट्याकडे गाऱ्हाणं नसतं. तिथे देवाला सांगणं म्हणजे हात जोडणं. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं.

१५ ऑक्टोबर, शनिवार

बुडैलला गेलो. सुनंदा दारात भांडी घासत होती. उठली नाही.

मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं. मला परवा कळलं."

"मला तवाच कळलं होतं. गुरुनाथची बायको चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आलती. मोदक घेऊन. म्हणली, काळजी करू नगं, तुझ्यासाठी सगळ्यांनी देवाला सांगितलंय."

"मग मला का नाही बोललात? मी रघुवीरवर..."

"काय बोलू? काम तुमी लावून दिलंत. तुमच्या तोंडावर कसं म्हणू?" राखेचा हात तिने तसाच गुडघ्यावर ठेवला. "म्या म्हटलं, काय बी करू नका. तेवढंच म्हणता आलं. तेबी तुमी ऐकलं न्हाई."

मी काहीतरी पुटपुटलो. कारखान्यात जाऊन सगळ्यांसमोर माफी मागतो, बायकांना समजावतो, असं.

ती एकदम उभी राहिली. "नको! दादा, पाया पडते, आता कुणाला काय समजावू नका." मग आवाज उतरला. "माझ्या मालकांनी जिवंतपणी सांगितलं न्हाई, म्हणून माझं हे झालं. तुमी सांगितलं, म्हणून हे झालं. मी आता कुणाच्या भरवशावर ऱ्हायचं, सांगा."

तिची मुलगी आतून आली, मला पाहिलं आणि परत आत गेली. पूर्वी नमस्ते करायची.

सुनंदा म्हणाली, रघुवीरकडे परत जाणार नाही. दसऱ्यानंतर तिथे तोंड दाखवणं शक्य नाही. तिथे निदान तोवर नुसता संशय होता. "आता पक्कं झालं," असं तिने कुठल्याही रागाशिवाय सांगितलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

१६ ऑक्टोबर, रविवार

रघुवीरकडे गेलो. सुहासिनीने दार उघडलं आणि पाणी न विचारता आत निघून गेली.

त्याला म्हटलं, "चुकलो."

तो पेपर वाचत राहिला. मग म्हणाला, "तू गाऱ्हाणं घातलंस तेव्हाच मी समजलो. गुरुनाथला त्याच संध्याकाळी कोपऱ्यात घेतलं, हात जोडले, म्हटलं कुणाला बोलू नको. त्याला कारखान्यात बोलल्याशिवाय राहवलं नाही. मग महिनाभर एकेकीला समजावलं. रोज. थोड्या बायका परतत होत्या रे. दिवाळीनंतर तिला परत बसवली असती."

"तू मला सरळ का नाही सांगितलंस?"

"तुला?" त्याने पेपर खाली ठेवला. "तू त्या दिवशी इतका... चेहरा काय होता तुझा! देव भेटल्यासारखा. कोण सांगणार होतं? मला वाटलं, कळेल आपोआप. मग तू माझ्यावरच घसरलास, तेव्हा मला राग आला. मी काही संत नाही. तिला घरी बसवलं तेही मला नको होतं. पण बसवलं. तिथे मीही कमी पडलो." थांबला. "पण विश्वासघातकी? मी? सगळ्यांसमोर?"

मी त्याच्या पायाकडे वाकलो तर त्याने पाय मागे घेतले. "हे नको. हेही पुन्हा नाटकच होतं."

जाताना चहा दिला नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

२२ ऑक्टोबर, शनिवार

डॉक्टर देवयानींनी नोकऱ्या शोधायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. ओरडल्या नाहीत.

"तुम्ही चांगले आहात, विश्रामजी. तेच मला अडचणीचं झालंय. वाईट माणसापासून मी माझ्या माणसांना सांभाळू शकते."

मी विचारलं, सुनंदाचं काय? तिला कुठे दुसरं...

"ते मी तुम्हाला सांगणार नाही."

"नुसतं आहे की नाही, एवढंच."

"तेही नाही."

म्हणाल्या, खुर्च्या मांडायला यायचं तर या. मी आज मांडल्या. दोन माणसं मी पाण्याचा पेला पुढे केला तरी उठून स्वतः घेऊन आली.

१ नोव्हेंबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

मंडळात गेलो नाही. रत्नप्रभेने विचारलं नाही.

मला वाटत होतं की मला फसवलं. हे दुःख मी किती प्रेमाने सांभाळलं! रोज त्याला खाऊ घातलं. आता ते काढून घेतलं गेलं तर हातात काही उरलं नाही. फसवलेला माणूस निदान बरोबर तरी असतो.

बुडैलला गेलो होतो. खोलीला दुसऱ्याचं कुलूप आहे. शेजारीण म्हणाली, गयी. कहाँ? पता नहीं जी. मला गोठ्याशेजारची खाट डोळ्यांपुढे आली. गावी गेली असेल का? तसं असेल तर ते मी केलं.

तारीख घालत नाही

काही महिने गेले आहेत. आज सुनंदा दिसली.

कुठे, ते लिहीत नाही. कुठल्या गेटाशी, कुठल्या वेळी, तेही नाही. मी स्कूटर लावून एका टपरीवर चहा घेत होतो. शिफ्ट सुटली आणि बायका बाहेर आल्या, दहाबारा जणी, हसत, एकमेकींच्या ओढण्या ओढत. मधोमध ती. अंगाने भरली आहे. गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. एकीने तिच्या डब्यातून काहीतरी काढून तोंडात टाकलं आणि ती लटक्या रागाने म्हणाली, "मर जाणिए, घर जाके खा!" पंजाबी बोलत होती, विट्याच्या हेलात.

माझा हात वर गेला. मी थांबवण्याआधीच गेला. तोंडातून नाव निघणार होतं.

तिने पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून तिने नजर माझ्यावरून पुढे नेली, भिंतीवरून न्यावी तशी. पण तिच्या शेजारची बाई थांबली. माझा वर गेलेला हात तिला दिसला होता.

"सुनीता, ओ भाईजी तैनूं बुला रहे ने?"

म्हणजे इथे तिचं नावही दुसरं आहे.

ती म्हणाली, "नईं. मैं नईं जाणदी."

बाई माझ्याकडे बघत होती. आता मीच काहीतरी बोलायला हवं होतं. सगळ्या थांबल्या होत्या.

मी म्हटलं, "माफ करना बहनजी. मुझे लगा, कोई और हैं."

"चल," ती शेजारणीला म्हणाली. त्या गेल्या. वळणावर तिने मागे पाहिलं नाही, आणि पाहू नये अशीच माझी इच्छा होती. तरी ती वळेपर्यंत मी बघत राहिलो.

घरी आलो तेव्हा रत्नप्रभा दारातच होती. "उशीर झालो?"

"चाकातली हवा गेली होती," मी म्हटलं.

तिने स्कूटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पान वाढायला आत गेली.